गौरीच्या आरासीसाठी पेपर नॅपकिनची फुलं : कामाच्या नोंदी

२७ जुलै २०२५, रविवार

यंदा गौरीच्या मागचा पडदा कागदी फुलांचा करायचा, असं घरात ठरलं. माप चार फूट बाय तीन फूट. शिवाय दाराला एक तोरण आणि गणपतीपुढच्या तबकात ठेवायला थोड्या जास्वंदी. गणपती २७ ऑगस्टला बसतात, गौरी ३१ ला येतात, म्हणजे हाताशी महिना आहे. पण स्वयंपाक, शाळा, डबे उरकून संध्याकाळचा तास-दीड तासच मिळतो, म्हणून आत्ताच सुरुवात.

थर्माकोलचं मखर आमच्याकडं केव्हाच बंद झालं. १ जुलै २०२२ पासून तर सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदीच आहे. प्लॅस्टिकची फुलं मला नको होती. ती मळली की धुऊनही उजळत नाहीत, आणि टाकायची वेळ आली की कुठं टाकायची हा प्रश्न. खऱ्या झेंडूचा पडदा केला तर गौरी जाईपर्यंत काळा पडतो, आणि सणात झेंडूचा दर चढलेला असतोच. पेपर नॅपकिन मऊ असतो, चौकोनी कापलेला मिळतो, आणि चुकलं तर दोन-तीन रुपयांचं नुकसान, म्हणून तो घेतला.

आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, एकच अट घातली : "मागं काय लावायचं ते लाव, पायावर मात्र खरंच फूल पायजे." ते मलाही पटतं. कागद आरासीला, पूजेला नाही.

आज आणलेलं सामान : पांढरा एकपदरी नॅपकिन, ३० सेंमी, शंभराचं पाकीट ४५ रुपये. पांढरा दोनपदरी, ३३ सेंमी, पन्नासाचं पाकीट ९० रुपये. पिवळा दोनपदरी, वीसचं पाकीट १२० रुपये. रंगीत नॅपकिन किराणा दुकानात असा महाग पडतो. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत पत्रावळ्या-द्रोणांच्या घाऊक दुकानात पन्नासाचं रंगीत पाकीट १६० ला आहे असं जाऊबाईंनी विचारून ठेवलंय. आधी हात बसू दे, मग तिकडून आणू.

३० जुलै

काम असं आहे. नॅपकिनचे थर एकावर एक ठेवायचे, निऱ्या घालायच्या, मधोमध दोरा बांधायचा, दोन्ही टोकं कात्रीनं गोल कापायची आणि मग एकेक थर वर ओढून फूल उघडायचं. टोकं गोल कापली तर झेंडू, टोकदार कापली तर शेवंती किंवा डेलिया.

पांढऱ्या एकपदरी कागदावर सुरुवात केली. तो निरीला छान उभा राहतो, पण उघडताना फाटतो. वरचे दोन-तीन थर येतात, आतले देठापाशी चिरतात. एकपदरी कागद बाजूला ठेवला. ज्यांना फक्त निऱ्यांचा सराव करायचाय त्यांनी तो वापरावा, फुलाला नाही.

दोनपदरीचं वेगळंच. त्याचे दोन पदर सुटे करून घेतले तर प्रत्येक पदर एकपदरीपेक्षा मऊ असतो आणि ओढला की येतो. अडचण एवढीच की पदर सुटता सुटत नाहीत. कारण कडेची नक्षी. हे दोन पदर डिंकानं चिकटवलेले नसतात. कडेला दाबून जी नक्षी उठवतात तिनंच ते एकमेकांत धरलेले असतात. नखानं सोडवत बसलं की कडा चिरते. त्यापेक्षा चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर कडा सरळ कापून टाकायची. पदर आपोआप सुटतात. ३३ चा नॅपकिन ३० चा होतो, त्याचे चार चौकोन १५ सेंमीचे. एका नॅपकिनचे चार चौकोन, दोन-दोन पदर, म्हणजे आठ थर. आठ थरांचं फूल विरळ दिसतं. दोन नॅपकिनचे सोळा थर घेतले तेव्हा झेंडू भरला.

दोरा शिलाईचा घेतला होता तो चालला नाही. बारीक दोरा गच्च आवळला की कागदच कापतो. गोधडीचा जाड सुती दोरा घेतल्यावर प्रश्न मिटला. गाठ मारताना निऱ्या एकत्र येतील इतकंच आवळायचं.

३ ऑगस्ट, रविवार

सगळं तेच करूनही काही फुलांच्या पाकळ्यांना छान खोलगटपणा येत होता आणि काही सपाटच राहत होत्या. नॅपकिन एकाच पाकिटातले. जाऊबाईंचा भाऊ प्रेसमध्ये बाइंडिंगचं काम करतो. तो आज आला होता, त्याला दाखवलं. त्यानं नॅपकिन हातात घेऊन एका बाजूनं फाडला, मग दुसऱ्या बाजूनं फाडला. एका दिशेनं चीर सरळ खाली गेली, दुसऱ्या दिशेनं वाकडीतिकडी. "ताई, कागदाला ग्रेन असते. तुम्ही निम्मे उभे घेताय, निम्मे आडवे," म्हणाला. ग्रेन म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेनं बसलेले असतात ती दिशा.

मग उजेडापुढं धरून बघितलं. नॅपकिनवर केसाएवढ्या बारीक सुरकुत्या असतात, सगळ्या एकाच दिशेनं. कारखान्यात तापलेल्या रुळावर वाळलेला कागद पात्यानं खरवडून काढतात, तेव्हा त्या पडतात. कागद सरळ फाटतो ती दिशा आणि या सुरकुत्या एकमेकींना आडव्या असतात. सुरकुत्यांना आडवं ओढलं की त्या थोड्या उलगडतात, कागद ताणला जातो आणि पाकळीला खोलगा येतो. म्हणून निऱ्या सुरकुत्यांच्याच दिशेनं घालायच्या, म्हणजे सुरकुत्या पाकळीत देठापासून टोकाकडं उभ्या येतात. मग अंगठ्यानं पाकळीची रुंदी हलकेच ताणली की ती वळते.

करायचं एवढंच : प्रत्येक पाकिटातला एक नॅपकिन फाडून बघायचा, सरळ फाटण्याची दिशा ओळखायची आणि उरलेल्या सगळ्या गठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावर पेन्सिलनं खूण करायची. चार चौकोन कापल्यावरही गठ्ठा फिरवायचा नाही. ही एक खूण करायला लागल्यापासून फुलांमधला फरक जवळजवळ गेला.

निरीची रुंदीही आज ठरली. दोन-अडीच सेंटिमीटरची निरी मोठ्या गुलाबी फुलाला बरी, पण झेंडूला दीडच हवी. १५ सेंमीत दहा निऱ्या. निरी बारीक तशी फुलाची गर्दी वाढते.

६ ऑगस्ट

रंगाचा दिवस. पांढरा दोनपदरी घरीच रंगवून पैसे वाचवावेत असा विचार होता. खायचा रंग पाण्यात कालवून सुटा नॅपकिन बुडवला. बाहेर काढताना हातात लगदा आला. हा कागद ओला झाल्यावर स्वतःचं वजनही पेलत नाही.

मग निऱ्या घालून, बांधून, फक्त टोकं रंगात टेकवली. रंग आपोआप वर चढला आणि कडेला गडद, आत फिका अशी छटा आली. दिसायला सुंदर. पण सोळा थर एकमेकांना चिकटले, पंख्याखाली रात्रभर ठेवूनही आतून ओलेच. आमच्याकडं श्रावणात कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथं हा कागद कधी वाळणार! उन्हाळ्यात करणाऱ्यानं हा प्रकार जरूर करावा, पावसाळ्यात नको.

शेवटी जमलं ते स्केचपेननं. निऱ्या बांधून टोकं गोल कापल्यावर, फूल उघडायच्या आधी, सगळ्या थरांच्या कडांवरून एकदम स्केचपेन फिरवायचा. शाई दोन-तीन मिलिमीटर आत झिरपते आणि तिथंच थांबते. गुलाबी फुलांना गडद राणी रंगाची कड दिली, ती लांबूनही उठून दिसते. पन्नास रुपयांचा स्केचपेनचा संच पुरला.

घाऊक दुकानातून रंगीत पाकिटं आणली : पिवळी, केशरी, गुलाबी मिळून पाच, ८०० रुपये. लाल वीसचं एक, १२० रुपये, जास्वंदीसाठी. छापील नक्षीचे नॅपकिन मुद्दाम घेतले नाहीत. त्यांचा वरचाच पदर छापलेला असतो, खालचा पांढरा निघतो, आणि पदर सुटे केले की निम्मं फूल पांढरं होतं.

१० ऑगस्ट

काल राखीपौर्णिमा झाली, काम बंद होतं. आज बांधलेली फुलं बाहेर काढली तर काहींच्या मध्यावर तपकिरी डाग. तोरणासाठी म्हणून काही फुलं दोऱ्याऐवजी सेंट्रिंगवाल्यांच्या काळ्या बांधणीच्या तारेनं बांधली होती. ती नुसती लोखंडाची, वर काही मुलामा नसतो. दमट हवेत गंजली, आणि गंज कागदानं शोषून घेतला. आज तपकिरी ठिपका दिसतोय, गौरी येईपर्यंत पाकळीभर झाला असता. ती सगळी सोडवली.

तारेची दोन उत्तरं सापडली. एक, तांब्याची वायंडिंगची तार. उद्यमनगरात मोटारी रिवायंडिंग करणाऱ्यांकडं तुकडे पडलेले असतात. ५० रुपयांत पुडीभर मिळाले. या तारेला वार्निशचा थर असतो, ती गंजत नाही, आणि बोटानं वळते. दोन, देठासाठी खराट्याचे हीर. सत्तर रुपयांच्या एका खराट्यात सगळं काम होऊन अंगण झाडायलाही उरतो. हीर हलका, सरळ, बुंध्याकडं जाड आणि टोकाकडं निमुळता, त्यामुळं फूल टोकाला बसवलं की देठ खरा वाटतो. फार वाळलेला हीर वाकवताना मोडतो. तासभर पाण्यात ठेवून पुसून घेतला की वाकतो.

हिराला गुंडाळायची हिरवी टेप दोन रिळं, ८० रुपये. ही टेप नुसती लावली तर चिकटत नाही. ताणत ताणत गुंडाळायची, ताणल्यावरच तिच्यातलं मेण चिकट होतं. पुतणीला हे सांगेपर्यंत तिनं पहिलं रीळ "खराब निघालं" म्हणून बाजूला ठेवलं होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. झेंडावंदन करून मुलं आली आणि दुपारपासून सगळ्या जणी बसलो. मी कापायला, जाऊबाई निऱ्यांना, पुतणी दोरा बांधायला, शेजारच्या काकू टोकं गोल करायला. एकटीनं एक झेंडू करायला बारा-तेरा मिनिटं लागत होती. अशी वाटणी केल्यावर वेळ निम्म्यावर आला. कात्री मात्र एकच, चांगल्या धारेची असावी आणि ती कागदाशिवाय कशालाही लावू नये. बोथट कात्रीनं कडेला दाते पडतात. हात कोरडे हवेत. कणीक मळून आलेल्या हातानं पाकळी धरली की ती बोटालाच चिकटून येते.

उघडण्याचं नीट लिहून ठेवते, कारण नवीन करणाऱ्याची सगळी फुलं इथंच फाटतात. बांधलेला गठ्ठा डाव्या हातात, अंगठा दोऱ्यावर. दोन्ही बाजूंच्या निऱ्या पसरून घ्यायच्या म्हणजे गोल चकती होते. आता उजव्या हातानं सगळ्यात वरचा एकच थर धरायचा, पण टोकाला नाही, दोऱ्यापासून बोटभर अंतरावर, आणि सरळ वर, फुलाच्या मध्याकडं न्यायचा. आधी एका बाजूचा, मग समोरच्या बाजूचा. मधले थर सगळ्यात घट्ट असतात, तिथं घाई केली की चिरलंच. शेवटचे दोन-तीन थर वर घ्यायचे नाहीत, ते सपाट राहू द्यायचे म्हणजे फुलाला बैठक मिळते. सगळं झाल्यावर फूल उलटं धरून एकदा हलकेच झटकायचं. कागदाचा भुगा पडतो आणि पाकळ्या आपल्या जागी बसतात.

जास्वंदीही आज झाल्या. लाल नॅपकिनचे पदर सुटे न करता सात सेंमीच्या पाच पाकळ्या, खाली निमुळत्या, वर रुंद. वरची कड अंगठा आणि तर्जनीत धरून थोडी थोडी ताणायची, ती लाटेसारखी होते. मधला तुरा करायला हिराच्या टोकाला लाल पट्टी गुंडाळून, फेव्हिकॉल लावून, हळद घातलेल्या रव्यात घोळवला. हुबेहूब दिसला.

फेव्हिकॉल नेहमी हिराला लावायचा, पाकळीला नाही. पाकळीवर थेंब पडला की तो भाग विरघळल्यागत होतो. ग्लू गन या कागदाला नकोच. गरम गोंद पातळ कागदातून आरपार येतो आणि बोट भाजतं. गन फक्त हीर आणि तोरणाची पट्टी जोडायला ठेवली. कांड्या ६० रुपयांच्या.

१६ ऑगस्ट

रव्याच्या तुऱ्यांना सकाळी मुंग्या. सगळे तुरे काढले. सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, चहाच्या गाळणीतून गाळला, हळदीत कालवून तव्यावर कोरडा केला आणि त्यात नवे तुरे घोळवले. रव्यापेक्षा थोडे खरबरीत दिसतात, पण मुंग्या नाहीत.

१९ ऑगस्ट

सलग पाऊस. भिंती ओल्या, काडेपेटी पेटेना. माळ्यावर वेताच्या बुट्टीत उघडून ठेवलेली तीसेक फुलं आज खाली काढली आणि बघतच राहिले. पाकळ्या भिजलेल्या पापडासारख्या मान टाकून पडलेल्या. पाणी कुठूनही लागलेलं नाही, नुसती हवा. कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि त्याचा ताठपणा जातो. नॅपकिन तर पाणी शोषायलाच बनवलेला.

या सगळ्या कामात इतका वेळ कुठंच गेला नाही, म्हणून काय काय करून पाहिलं ते सगळं लिहिते.

केसांचा स्प्रे : २२० रुपये. लांबून मारला तर काहीच फरक नाही, जवळून मारला तर पाकळी आधी ओली होऊन पडते आणि मग तशीच कडक होते. शिवाय हा स्प्रे पेट घेणारा, घरात समई असताना नकोच. पैसे वाया गेले.

भाताची पेज : पातळ करून फवारली. स्प्रेचाच प्रकार, वर वास.

मेण : उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून मेणबत्त्या वितळवल्या. मेण थेट आचेवर कधीही ठेवायचं नाही. फूल उलटं बुडवून लगेच वर काढून झटकलं. हे फूल आजही ताठ आहे, वर पाणी शिंपडलं तरी काही होत नाही. रंग एक छटा गडद होतो आणि पाकळी थोडी पारदर्शक दिसते, तेही देखणंच. पण मेण लावलेला कागद म्हणजे वात. गौरीपुढं समई, निरांजन, कापूर सगळं असतं. पडद्याला मेण लावायचं नाही, हे तिथंच ठरवलं. दाराच्या तोरणाची फुलं तेवढी मेणातली करायची. तिथं पावसाचे शिंतोडे येतात आणि जवळपास दिवा नसतो.

केस वाळवायचा ड्रायर : सगळ्यात मंद वेगावर, फूल उलटं धरून खालून वर हवा दिली. निम्मी फुलं बऱ्यापैकी उठली. उरलेल्यांच्या पाकळ्यांवर घड्या बसल्या होत्या, त्या गेल्या नाहीत.

२१ ऑगस्ट

उत्तर घरातच होतं. निऱ्या घालून, बांधून, टोकं कापून ठेवलेले, पण न उघडलेले गठ्ठे चपलांच्या खोक्यात पडून होते. त्यातला एक आज उघडला. ताज्यासारखं फूल! सोळा थर एकमेकांवर दाबून बसलेले असले की आत हवा फार शिरत नाही, आणि मान टाकायला पाकळीच उघडी नसते. जो काही दमटपणा आला असेल तो उघडताना हाताच्या उबेनं आणि पंख्यानं जातो.

म्हणून आजपासून एकच पद्धत : फूल उघडून ठेवायचं नाही, बांधलेली कळी ठेवायची. कळ्या सपाट, एकीवर एक, पत्र्याच्या डब्यात. चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या, दमटपणा ओढून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या गल्लीत सगळ्यांकडून गोळा करून तळाशी ठेवल्या. डबा रोज उघडून बघायचा मोह टाळायचा. जागाही वाचते : तीस उघड्या फुलांना जी बुट्टी पुरत नव्हती, तेवढ्या जागेत पडद्याच्या सगळ्या कळ्या मावल्या.

कोल्हापुरात, कोकणात, जिथं जिथं गौरी-गणपती पावसात येतात तिथं हे काम करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं हेच आहे. बाकी निरी थोडी कमीजास्त झाली तरी चालतं.

कळ्या बांधताना दोऱ्याची दोन्ही टोकं वीतभर लांब सोडायची. का, ते खाली.

२४ ऑगस्ट, रविवार

पडद्याची चौकट. लक्ष्मीपुरीतून धान्याची दोन रिकामी गोणपाटं, ५० रुपये. लाकडी पट्ट्या सुताराकडून कापून, १८० रुपये. गोणपाट आधी झटकून, ऊन नव्हतं म्हणून इस्त्री फिरवून कोरडं केलं आणि चौकटीवर ताणून खिळले मारले. गोणपाटाची वीण मोकळी असते. दाभणात कळीच्या दोऱ्याचं टोक ओवून आरपार काढायचं, दुसरं टोक बोटभर अंतरावरून, आणि मागं गाठ. गोंद नाही, टाचणी नाही, आणि फूल बदलायचं झालं तर गाठ सोडली की झालं. सोडून ठेवलेले लांब दोरे इथं कामी आले. आखूड दोऱ्यांच्या कळ्यांना परत दोरा बांधावा लागला.

खडूनं गोणपाटावर अकरा सेंटिमीटरचे चौकोन आखून घेतले. साधारण नव्वद फुलं बसतात. बाहेरून केशरी, मग पिवळी, मध्ये गुलाबी.

२५ ऑगस्ट

लाल रंगाची तपासणी आज केली, ती आधीच करायला हवी असं सगळ्यांना सांगेन. लाल नॅपकिनचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून ठेवला. पाच मिनिटांत कापडावर गुलाबी डाग. पिवळ्याचा अगदी फिका आला, केशरीचा त्याहून थोडा जास्त. कोरड्यात काही होत नाही, पण पूजेत पाणी, पंचामृत सगळं असतं. म्हणून जास्वंदी मूर्तीला किंवा शेल्याला टेकवायच्या नाहीत, पितळी तबकात वेगळ्या ठेवायच्या. आणि पडदा गौरीच्या साडीपासून वीतभर मागं.

३० ऑगस्ट

उद्या गौरी. दुपारपासून कळ्या पडद्यावर शिवल्या, आणि संध्याकाळी पडदा जागेवर उभा करूनच फुलं उघडायला घेतली. आधी उघडून मग शिवायला गेलं की हात लागून पाकळ्या दबतात, म्हणून हा क्रम. वरच्या ओळीपासून खाली. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर सुटे थर उडतात.

एका फुलाला तीन-चार मिनिटं. चौघी असूनही रात्री उशीर झाला. नव्वद फुलांना कमी हात असतील तर आदल्या दिवशीच सुरू करा. ड्रायरनं उठवलेली जुनी फुलं सगळ्यात खालच्या ओळीत लावली. तिथं गौरीची साडी आणि फराळाची ताटं पुढं येतात.

समई पडद्यापासून दोन हात लांब, पुढं. एलईडीची माळ पडद्यामागून, गोणपाटाच्या मागल्या बाजूनं, फुलांना वायर न लागता. आतून प्रकाश आला की पातळ पदर काय खुलतात!

१ सप्टेंबर

काल टेरड्याची गौर वाजतगाजत आली, आज पूजन. आत्यांनी पडद्यासमोर बराच वेळ उभं राहून एक फूल बोटानं चाचपलं आणि म्हणाल्या, "ह्यो कागद हाय व्हय?" पायावर त्यांनी खरी शेवंती वाहिली.

दिवसभर पाऊस होता. खिडकीजवळची चार-पाच फुलं संध्याकाळपर्यंत थोडी झुकली, ती शिल्लक कळ्या उघडून बदलली. उरलेला पडदा जसाच्या तसा.

४ सप्टेंबर

परवा गौरी-गणपतींचं विसर्जन झालं. आम्ही गल्लीजवळ ठेवलेल्या काहिलीतच, म्हणजे पाण्यानं भरलेल्या मोठ्या कढईतच, करतो. निर्माल्य वेगळं द्यायचं असतं, त्यात फक्त खरी फुलं-पत्री गेली. कागदी फुलं त्यात मिसळायची नाहीत, त्यात दोरा आणि तार असते.

आज पडदा उतरवला. मागच्या गाठी सोडल्या की फुलं भराभर निघाली. दोरा कापून कागद परसातल्या खताच्या खड्ड्यात घातला. लाल जास्वंदी आणि मेणाची फुलं त्यात घातली नाहीत. तांब्याची तार, हीर, चौकट आणि गोणपाट ठेवून दिलं. गोणपाट गुंडाळताना आत दोन सिलिकाच्या पुड्या टाकल्या.

हिशेब : पांढरे नॅपकिन १३५, किराणा दुकानातला पिवळा १२०, घाऊक रंगीत ८००, लाल १२०, दोरा २०, खराटा ७०, गोंदाच्या कांड्या ६०, हिरवी टेप ८०, तांब्याची तार ५०, स्केचपेन ५०, गोणपाट ५०, पट्ट्या १८०, केसांचा स्प्रे २२०. एकूण १,९५५ रुपये. यातला स्प्रे, किराणा दुकानातली महाग पाकिटं आणि पांढरा एकपदरी वगळला तर कोणालाही हे काम सोळाशेच्या आत बसेल. चौकट आणि गोणपाट पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येईल, म्हणजे तेव्हा नॅपकिन, दोरा आणि टेपच आणायची.

आठ-दहा बांधलेल्या कळ्या डब्यात उरल्यात. शेजारच्या काकूंना नवरात्रात घटामागं लावायला हव्यात. त्यांना कळ्या तशाच दिल्या, उघडायला घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी जाणार आहे.